शांततेपायी गैरहजर

माझं नाव कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलं ते डिफॉल्टरांच्या यादीत. ज्यांची हजेरी निम्म्याच्याही खाली गेली अशा मुलांची ती यादी, आणि तिच्या तळाशी सूचना : पालकांसह विभागप्रमुखांना भेटल्याशिवाय सेमिस्टरच्या परीक्षेला बसता येणार नाही. पालकांसह! माझी पन्नाशी उंबरठ्यावर येऊन चपला काढत होती. बोर्डापुढे उभ्या असलेल्या विशीतल्या पोरांनी माझ्यासाठी वाट करून दिली, आणि एक जण गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "काकू, आता तुम्ही खऱ्या स्टुडंट झालात."

झालं होतं असं, की नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी वीसेक वर्षं हिशेब पाहिले. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा बरोबरच्या बायकांनी डोळे पुसत सह्या केल्या. मी सही केली आणि थेट दप्तर आणायला गेले. बारावीचं विज्ञान कुठंतरी कपाटाच्या वरच्या खणात पडलं होतं, त्याच्या जोरावर संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला. नवरा म्हणाला, "कर की." मुलगा, जो तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग करत होता, म्हणाला, "माझ्या कॉलेजात नको."

त्या दिवसांची आठवण आली की मला आधी धुकं दिसतं. हिवाळ्यात सकाळी गंगापूर रोडवर बस यायची ती आधी दोन पिवळे दिवे होऊन यायची, मग हळूहळू बस व्हायची. खिडकीशी बसून मी अर्धवट झोपेत असायचे, आणि शेजारच्या मुलीच्या मोबाइलमधला कोड आणि बाहेरची झाडं एकमेकांत मिसळून जायची. पहिल्या लेक्चरला फळ्यावर बाण, चौकोन, वर्तुळं. दुपारी लॅबमध्ये पडदे ओढलेले, सगळ्या स्क्रीन निळ्या, आणि तीसेक पोरं माना खाली घालून अशी बसलेली, की एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटे. कॅन्टीनमधला वडापाव मात्र मला जागं करायचा. त्यातली मिरची कुणाचंही वय पाहत नसे.

प्रोजेक्टला माझी जोडी लागली हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीशी. ती सुरगाण्याकडची. बोलायची कमी, पण तिचं डोकं असं चालायचं की मी आपली मागून चालत राहायचे. कल्पना तिचीच. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांसाठी एक छोटी पेटी करायची. घरात जो आवाज होईल तो पेटीनं ओळखायचा आणि पडद्यावर लिहून दाखवायचा : दाराची बेल, कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं. त्यासाठी पेटीला प्रत्येक आवाजाचे शेकडो नमुने ऐकवावे लागतात. ऐकून ऐकून ती शिकते. तिनं कोड लिहायचा आणि मी आवाज गोळा करायचे, अशी वाटणी झाली. वीस वर्षं हिशेबाचे कागद चाळलेल्या बाईला कुणीतरी सांगितलं, जा, शहरभर फिर आणि ऐक. मी रेकॉर्डर पर्समध्ये टाकला आणि निघाले.

बेल झाली, कुकर झाले, मिक्सर झाला. शेजारणीचं नातवंड रडावं म्हणून मी तिच्याकडे तासभर बसले. ते कधी नव्हे इतकं हसलं. पण आमची पेटी शिकली. घरात कुकर वाजला की पडद्यावर "कुकर" यायचं, आणि आम्ही दोघी एकमेकींना टाळी द्यायचो.

अडचण निराळीच निघाली. घरात काहीही वाजत नसताना पेटी गप्प बसेना. रिकाम्या खोलीत ती लिहायची, "दाराची बेल." मी दार उघडून पाहायचे, कुणी नाही. पुन्हा, "बाळ रडत आहे." ऐकू न येणाऱ्या माणसाच्या घरात अशी पेटी ठेवली तर त्यानं मांत्रिकच बोलवावा. मुलगी म्हणाली, "काकू, तिला शांतता शिकवली नाय आपण. तिला वाटतं कायतरी वाजतंच हाय. शांततेचे पण नमुने लागतील."

मी म्हटलं, त्यात काय, आणते.

तिथून माझी हजेरी गेली.

नाशिकमध्ये शांतता कुठं मिळते हे मी आधी कुणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. दुपारच्या लेक्चरांना मी बसच्या उलट दिशेला जाऊ लागले. पांडवलेण्यांत गेले, ऊन दगडावर सांडलेलं, आत थंडगार अंधार, पण खालून हायवे गुणगुणतच होता. गंगापूर धरणाच्या पाण्याशी बसले, पाणी इतकं स्तब्ध की ढग त्यात बुडून राहिलेले. तिथं टिटवीला माझं येणं आवडलं नाही. तपोवनात गेले. एका वाचनालयात बसले, तिथं पंखा कण्हत होता. शेवटी मी बँकेच्या लॉकरच्या खोलीत गेले, जाड पोलादी दाराआड, आणि लॉकर उघडून त्यापुढे हात जोडल्यासारखी उभी राहिले. बाहेर आले तेव्हा बँकेतली बाई हळूच म्हणाली, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

आणि खरं सांगायचं तर मला लेक्चरांची आठवणही येत नसे. इतकी वर्षं या शहरात राहून मी कधी दुपार पाहिली नव्हती. दुपारी मी नेहमी कुठल्यातरी भिंतीच्या आत असायचे. आता दुपार माझ्या ओळखीची झाली होती, तिची पिवळी, संथ चाल मला समजायला लागली होती. घरी येऊन मी कानात इअरफोन घालून ते सगळे नमुने ऐकायचे, मुलाच्या लॅपटॉपवर साठवायचे आणि पेटीला द्यायचे. पेटी थोडा विचार करायची आणि लिहायची, "बाळ रडत आहे."

तर, यादी. परीक्षा हुकली तर वर्ष जाणार होतं. मला पुढच्या बॅचबरोबर बसावं लागलं असतं, आणि प्रोजेक्ट पुढच्या सेमिस्टरला त्या मुलीला एकटीनं पुरा करावा लागला असता. मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. सर असतील पस्तिशीचे.

"सर, माझे आईवडील आता नाहीत."

"घरातलं दुसरं कोणी मोठं माणूस?"

"घरात मीच मोठी आहे. मिस्टर कामासाठी महिनाभर चेन्नईला आहेत."

सर अवघडले. "मॅडम, मला कळतंय हो. पण तुम्हाला सोडलं तर उद्या बाकीचे माझ्या दारात बसतील. घरातलं कोणीतरी सज्ञान माणूस आणा."

घरात सज्ञान माणूस एकच उरलं होतं. ते तेव्हा ताटात दुसरी पोळी घेत होतं.

"पालक म्हणून येशील?" मी विचारलं.

मुलानं घास थांबवला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. शाळेच्या किती पालकसभांना मी त्याच्या शेजारी बसून त्याच्याविषयी काय काय बोलले होते, ते सगळं त्याला एका क्षणात आठवलं असणार.

"किती वाजता?"

"अकराला."

"मला लेक्चर आहे."

"तू कधीपासून लेक्चरला जायला लागलास?"

"हे असं बोलायचं असेल तर मी येत नाही," तो म्हणाला, आणि उठून बापाचा शर्ट इस्त्रीला घेतला.

केबिनमध्ये एकच खुर्ची होती. तो बसला. मी उभी राहिले, पर्स दोन्ही हातांत धरून.

"घरी अभ्यास करते का?" सरांनी त्याला विचारलं, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, करतात का?"

"करते, सर. पण लक्ष नसतं. हाक मारली तर ओ देत नाही."

"मोबाइल?"

"मोबाइल नाही. कानात काहीतरी घालून बसते."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकाच वेळी मान हलवली. हसू येत होतं, पण रागही येत होता. मी कल्पना केली होती, हा माझ्यासाठी दोन गोड थापा मारेल. मी काय कमी मारल्या होत्या त्याच्यासाठी?

"पुढे असं होणार नाही याची हमी देता तुम्ही?" सरांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

माझ्या हातातली पर्स खाली सरकली.

"सर, परीक्षेपर्यंतच्या या तीन आठवड्यांचं सांगतो, येईल. पुढच्या सेमिस्टरचं नाही सांगू शकत. पण ती कुठं जाते ते मला माहीत आहे." त्यानं मोबाइल काढला. "माझ्या लॅपटॉपवर सगळं आहे, त्यातलंच इथे घेतलंय. तिच्या पेटीला शांतता हवी आहे, म्हणून ती गावभर शांतता रेकॉर्ड करत फिरते. ही बँकेतली. ऐका."

सरांच्या केबिनमध्ये लॉकरच्या खोलीतली घनदाट शांतता पसरली. दूर कुठंतरी यंत्राची घरघर. आणि मग, अगदी बारीक, नाकातून, कुणीतरी गुणगुणायला लागलं. सूर जरा खाली गेलेला, पण आवाज मोठ्या सुखात होता.

"हे कोण?" सर म्हणाले.

"बँकेतली कुणी बाई असेल," मी म्हटलं.

"आई, ती तू आहेस."

त्यानं पांडवलेणी लावली. तिथंही मी. धरणावर टिटवीच्या मागे मी. वाचनालयात पंख्याबरोबर मी. शहरातली एकही शांतता मी मोकळी सोडली नव्हती. आणि हे मला कधी ऐकू आलं नाही, कारण घरी ते नमुने ऐकतानाही मी बहुधा तेच गुणगुणत असणार.

सरांनी मोबाइल हातात घेऊन तारखा आणि वेळा पाहिल्या, हजेरीचा तक्ता काढला, आणि एकेक ओळ बोटानं लावत गेले.

"म्हणजे ज्या दुपारी तुम्ही वर्गात नव्हता, त्या दुपारी तुम्ही खरोखर या सगळ्या जागी होतात. आवाज तर तुमचाच आहे." त्यांनी पेन उघडलं. "ह्या दुपारी प्रोजेक्टच्या कामात धरतो. राहिलेली लेक्चरं पहिल्या बाकावर बसून करायची. आणि प्रॅक्टिकलची जर्नल स्वतःच्या हातानं पुरी लिहायची. मुलाला लिहायला लावायची नाही."

"मी लिहिणारही नाही," मुलगा म्हणाला, आणि पालकाच्या जागी झोकात सही केली.

बाहेर ती मुलगी भिंतीला टेकून वाट पाहत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, "मला माहीत होतं, काकू. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून नाय बोलले."

परीक्षा दिली. दोन पेपर चांगले गेले, एक तरंगत गेला. पेपरांच्या मधल्या दिवसांत कॅन्टीनमध्ये सुट्टीचा बेत ठरला, माझं मत न विचारता : सुरगाण्याला तिच्या गावी जायचं, शांतता तिथून आणायची, रेकॉर्डर घेऊन ती आणि माझा मुलगा टेकडीवर जातील, आणि मी घरी थांबेन. वणीपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये इतकी माणसं की कुणाचा गुडघा कुणाचा ते कळेना. कापून झालेली भाताची खाचरं डोंगराच्या कडेकडेनं उतरत गेली होती, आणि त्यांच्यावर धूर की धुकं, काहीतरी निळं, झोपल्यासारखं पसरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं टेकडीवर गेली. मला अंगणात बाजेवर बसवलं होतं. मुलीची आई नागलीच्या भाकरी थापत होती. ती मधूनमधून माझ्याकडे पाहायची. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही शिकवता का तिला, बाई?"

"नाही हो. मी तिच्याच वर्गात आहे."

तिनं भाकरी उलटली. माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटांकडे नीट पाहिलं. मग भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली, आणि लेकीशी बोलावं तसं एकदम अरेतुरेवर येत म्हणाली, "पेपर बरं गेलं ना तुझं?"