कर्फ्यूतला कोंडवाडा

गुरुनाथ बाबरांचा आवाज मी आधी ऐकला आणि त्यांना पाहिलं नंतर. सत्त्याऐंशी सालचा जुलै. चंदीगडमध्ये कर्फ्यूचा चौथा दिवस होता. अतिरेक्यांनी हायवेवर बस अडवून माणसं मारली होती, मग शहरात दगडफेक, जाळपोळ आणि लगेच कर्फ्यू. आमच्या घरासमोर बागेचा लांबलचक हिरवा पट्टा होता. चार दिवस त्यावर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी चहा घेऊन गॅलरीत आले, तर खालून कुणीतरी खणखणीत ओरडलं, "ए भवाने, वळ की मागं! त्या गुलाबात काय तुझा बा ठेवलाय?"

चंदीगडात, कर्फ्यूत, मराठी! मी वाकून पाहिलं. सगळी बाग गुरांनी भरून गेली होती. गाई, म्हशी, वासरं, दोन बैल. मान वर न करता सगळी खात होती. चरणाऱ्या गुराची एक संथ लय असते, तसं ते नव्हतं. ओरबाडणं होतं ते. बरगड्या मोजता येत होत्या. एका गाईच्या शेपटीचा झुपका दुसऱ्या कुठल्या तरी जनावराने चावून खाल्ला होता आणि त्या ओल्या बुडख्यावर माश्या बसल्या होत्या. वारा आला तसा वासही आला. शेण, मूत आणि काहीतरी कुजल्याचा. माझा चहा तसाच राहिला.

त्या गुरांमध्ये खाकी शर्ट घातलेला पन्नाशीचा एक काटक माणूस हातात काठी घेऊन उभा होता. मी खाली फाटकापर्यंत गेले आणि मराठीत विचारलं, "अहो, ही कुणाची गुरं?"

मराठी ऐकून त्याने काठी खाली घेतली. मग म्हणाला, "कुणाची म्हणून सांगू, ताई? आज घडीला माझीच म्हणा."

बाबर मूळचे माण तालुक्यातले, म्हसवडजवळचे. सतराव्या वर्षी फौजेत गेले आणि तिथल्या पशुवैद्यकीय दलात ड्रेसर झाले. सगळी नोकरी डोंगरातल्या ठाण्यांवर, खेचरांच्या जखमा धुण्यात आणि खूर तपासण्यात गेली. पेन्शनीत निघाल्यावर गावी पाणी नाही, जमीन नाही. म्हणून बायको शशिकला यांना घेऊन ते चंदीगडातच राहिले. शहराच्या कोंडवाड्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. जनावरांचं काम आहे, एवढ्यावर ते खूश होते.

त्या काळात पंजाबात बाबर आडनावाने फिरणं ही एक शिक्षाच होती. तिथल्या एका अतिरेकी संघटनेच्या नावात जवळजवळ तोच शब्द होता. दर नाक्यावर ओळखपत्र पाहिलं की शिपाई बंदूक सावरायचा. "बाबर? कौन से बाबर?" मग यांनी टोपी काढून, छाती पुढे काढून सांगायचं, "मराठा हूं जी, सातारा जिला." हे ते मला हसत सांगायचे. कोंडवाड्याबद्दल बोलताना मात्र ते कधी हसले नाहीत.

कोंडवाड्याच्या दारावर नियमांची पत्र्याची पाटी होती. सेक्टरांच्या हद्दीत गाय, म्हैस पाळायची नाही. मोकाट सापडलेलं जनावर कोंडवाड्यात जाईल. मालकाने सात दिवसांत दाखला आणून, दंड भरून सोडवावं, नाहीतर लिलाव. कोंडलेल्या जनावराला रोज चारा-पाणी दिलं जाईल. हे शेवटचं वाक्यही होतं पाटीवर, सगळ्यांत खाली.

कर्फ्यूच्या आधीच्या आठवड्यात धरपकडीची मोहीम निघाली होती. तक्रार आमच्याच रांगेतली होती. एका निवृत्त सचिवांची पत्नी रोज सकाळी पहिली चपाती गाईसाठी काढायची. फाटकाशी उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन ती गाईला भरवायची आणि हात जोडायची. चपातीला सोकावलेल्या गाई तिच्या डेलियाच्या वाफ्यांपर्यंत पोचल्या, तेव्हा तिनेच फोन केला. साठ जनावरांच्या कोंडवाड्यात एकशे तीस भरली.

त्यात एक म्हैस मुल्लानपूरकडच्या गुरमेज कौर नावाच्या म्हातारीची होती. शेताकडून ओढा ओलांडून सेक्टरच्या कडेला आली आणि पकडली गेली. दुसऱ्या वेताची, दुभती, काळीभोर म्हैस. म्हातारी दुसऱ्याच दिवशी दोरखंड घेऊन हजर झाली होती. म्हैस तिचा आवाज ऐकून आतून ओरडत होती. पण कारकुनाने सांगितलं, "सरपंच का सर्टिफिकेट लाओ, माई." ती सर्टिफिकेट आणायला गावी गेली आणि त्याच संध्याकाळी कर्फ्यू लागला.

चाऱ्याची गाडी गावाकडून यायची. ती नाक्यावर अडली. दुधाला पास मिळाला, पेपरला मिळाला, डॉक्टरांना मिळाला. बाबरांनी त्यांचे वरिष्ठ वालियासाहेब यांना फोन केला.

"जानवरों का कर्फ्यू पास?" साहेब हसले. "बाबर, लोग मर रहे हैं और तुझे भैंसों की पडी है? एक-दो दिन में कुछ नहीं होता. और सुन, चारे का रजिस्टर रोज भरना. ठेकेदार का बिल अटकना नहीं चाहिए."

आणि बाबरांनी ते भरलं. पहिल्या दिवशी भरलं, दुसऱ्या दिवशीही भरलं. 'चारा दिला. पाणी दिलं. जनावरं ठीक.' खाली सही.

"फौजेत बावीस वर्षं काढली," ते मला एकदा म्हणाले, "खोट्या कागदावर सही नव्हती केली. हितं दोनदा केली. आत जनावरं चुन्याची भिंत चाटत हुती आन् मी बाहेर खुर्चीवर बसून लिवत हुतो, ठीक. घरी जाऊन हात साबणानं धुतला, ताई. मग भाकरी तोडायला तोच हात. नको वाटलं."

आत काय चाललं होतं ते त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्याच्याने पुरतं ऐकवलं नाही. त्या साली पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. पत्र्याचं छत तापायचं. वीज गेली की पंप बंद, हौद कोरडा. शेण घोट्याच्या वर साचलेलं. गुरांनी गोणपाट खाल्लं, दोर खाल्ले, एकमेकांच्या शेपट्या चावल्या. बसलेलं जनावर उठत नसे आणि उभं असलेलं त्याच्यावर पाय देई. तिसऱ्या दुपारी गुरमेज कौरची म्हैस मेली. सड तटतटून फुगले होते, कुणी पिळलीच नव्हती. बाबर पिळायला आत शिरले होते, पण गर्दीत तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती आडवी झाली होती. तोवर आणखी दोन वासरं गेली होती. मढी उचलायला गाडी नव्हती. ती तिथेच राहिली, जिवंत जनावरांच्या पायाशी.

पुन्हा फोन. वालियासाहेब म्हणाले, "लिख दे, बुढापे से."

"साहब, दूसरे ब्यांत की भैंस है. और बछडे?"

"तो बीमारी लिख. तू डॉक्टर है क्या?"

रात्र सरली आणि उजाडल्याबरोबर बाबरांनी कोंडवाड्याचं दार उघडलं. चौकीदार रामधारी पाया पडला, "बाबरजी, नौकरी जाएगी." बाबर म्हणाले, "जाऊ दे." जिवंत होती तेवढी सगळी जनावरं त्यांनी उठवली. एकशे सत्तावीस. बंद शहरातून, रिकाम्या रस्त्यांवरून त्यांनी ती हाकत आणली आणि आमच्या समोरच्या बागेत सोडली.

आमच्या रांगेतल्या खिडक्या पटापट उघडल्या. चार दिवस लोक घाबरून आत बसले होते; आता सगळ्यांना कंठ फुटला. "ओए, कौन है तू? ये पार्क है!" चपाती भरवणाऱ्या बाईंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं की आपण पोलिसांना फोन करत आहोत. गाई त्यांच्या कुंपणाला तोंड लावत होत्या. त्या दिवशी पदरही नव्हता आणि हातही जोडलेले नव्हते.

जीप आली. चार जवान उतरले, पुढे एक मिशाळ हवालदार. त्याने बाबरांचं ओळखपत्र वाचलं आणि बंदूक वर झाली. तीच प्रश्नोत्तरं झाली. मग हवालदार गुरांकडे वळला. एका कालवडीच्या पाठीवरून त्याने हात फिरवला, तर हाताला केसांचा पुंजका आला.

"कितने दिन से भूखी हैं?"

"चौथा दिन है."

हवालदार बिहारकडचा होता. त्याने रस्त्यावर पचकन थुंकलं. कोणाला उद्देशून ते कळायला मार्ग नव्हता. म्हणाला, "बारह बजे तक. फिर वापस अंदर. और कोई जानवर सडक पर दिखा तो तुझे अंदर करूंगा." जवानांनी बागेच्या नळाला पाइप लावून दिला. मी बादल्या नेल्या. मी मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते, माझे यजमान नंदकुमार युनिव्हर्सिटीत शिकवायचे. ते गॅलरीतून म्हणत राहिले, "अगं, आत ये, उगाच कशाला!"

बाराला बाबरांनी गुरं परत नेली. एकशे सत्तावीस मोजून बाहेर काढली होती, तितकीच आत घातली. त्या दुपारी हवालदाराच्या जीपमागोमाग एक चाऱ्याची गाडीही आली. साहेबांना जे चार दिवसांत जमलं नाही ते एका हवालदाराने अर्ध्या दिवसात केलं.

कर्फ्यू उठल्यावर नोटीस आली. सार्वजनिक उद्यानात जनावरं सोडून नुकसान केल्याबद्दल. नियम जनावराच्या 'मालकाला किंवा ताबा असणाऱ्याला' लागू होता आणि ताबा बाबरांचा होता. जनावरं उपाशी मेल्याबद्दल नोटीस कुणालाच नव्हती. ती कागदावर चारा खाऊन मेली होती, आणि दोन दिवसांच्या नोंदींखाली सही बाबरांचीच होती.

ते माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही बघितलं ते लिहून द्याल?"

नंदकुमार म्हणाले, "आपण इथे परके. दिवस कसले आहेत बघतेस ना?" मी तरीही लिहिलं. दोन पानं. बरगड्या, शेपट्या, वास, सगळं. चौकशीच्या निकालात माझ्या पत्राचा उल्लेख आला. 'मेडिकल इन्स्टिट्यूटमधील एका प्रतिष्ठित महिलेने जनावरं बागेत चरताना प्रत्यक्ष पाहिल्याचं लेखी दिलं आहे.' बस. माझ्या दोन पानांतली पहिली ओळ तेवढी त्यांनी घेतली होती, आणि ती बाबरांच्याच विरुद्ध.

गुरमेज कौर आली ती सरपंचाचं सर्टिफिकेट रुमालात बांधून. कारकुनाने रजिस्टर उघडून साहेबांच्या सांगण्यावरून लिहिलेली नोंद वाचून दाखवली, 'बीमारी से मृत.' बाबर तिच्यामागून बाहेर गेले. झाडाखाली तिला बसवलं आणि खरं ते सांगितलं. बीमारी नव्हती, माई. उपाशी मेली. मी दोन दिवस खोटं लिहिलं. तू तक्रार कर, मी तुझ्या बाजूने सही करतो.

म्हातारी पंजाबी वळणाच्या हिंदीत म्हणाली, "पुत्त, किसके आगे करूं? मेरा लडका ट्रक पर आसाम गया है. थानेवाले मानते नहीं. हर हफ्ते पूछते हैं, किन उग्रवादियों के साथ भागा? दफ्तर में नाम लिखवाया तो फिर आएंगे." उठताना तिने एवढंच विचारलं, की शेवटी पिळली होती का कुणी. दोरखंड खांद्यावर टाकून ती बसस्टॉपकडे चालत गेली.

बाबरांची वेतनवाढ रोखली आणि बदली झाली कुत्र्यांच्या परवान्याच्या खिडकीवर. पुढच्या वर्षी माझी मैत्रीण स्मिता तिच्या पॉमेरेनियनचा परवाना काढायला निघाली, तेव्हा मी सोबत गेले. रांगेत बंगलेवाल्यांचे अल्सेशियन, नोकरांच्या हातात साखळ्या. फॉर्म तीन प्रतींत, लसीचा दाखला, मग पितळी बिल्ला. एका बाईंचं कुत्रं आत गारव्यात बसवायची सोय नाही म्हणून त्या चिडल्या होत्या. बाबर मान खाली घालून लिहीत होते. मला पाहून उठले.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"ब्येस चाललंय, ताई. हितं येणारं जनावर पोटभर खाऊन येतं." ते स्मितासाठी बिल्ला शोधू लागले. "वालियासाहेबांचा लॅब्रेडॉरबी येऊन गेला. मीच बिल्ला बांधला."

नव्वद साली त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि दोघं म्हसवडला परतली. शशिकला वहिनींची पत्रं मला पुढे चार-पाच वर्षं येत होती. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की भावाने एक खिल्लार गाय देऊ केली होती, घरात दूध झालं असतं, पण हे नाहीच म्हणाले. गाय आली की तिला दावणीला बांधावं लागेल, आणि दाव्याची गाठ काही यांना पुन्हा मारायची नाही. रोज उन्हं उतरल्यावर ते गावच्या ओढ्याकडे जातात, दुसऱ्यांच्या गुरांची खुरं तपासतात, जखमा धुतात आणि फुकट मलमपट्टी करतात. गुरं घरी नेऊन बांधायची वेळ झाली, की मात्र आधीच उठून निघून येतात.