कोल्ह्याला घातलेली राखण

उम्म अल कुवैनच्या बाहेर, वाळूत, अरबाबाचा म्हणजे आमच्या मालकाचा मळा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे मी पाण्याच्या मोटारी सांभाळायचो आणि मामा कोंबड्या. मामा काही माझा सख्खा मामा नव्हे. मालवणकडचा, वयाने मोठा. खोलीत एक खाट त्याची, एक माझी, एवढंच नातं.

थंडी पडली की कोल्हे मळ्याकडे सरकायचे. त्या वर्षी आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या. त्याही अरबाबाच्या लाडक्या, झुबकेदार तुऱ्याच्या. शुक्रवारी तो पोरांना घेऊन खास त्यांना बघायला यायचा. मोजून झाल्यावर मामाला म्हणाला, "और एक गया तो खलास. व्हिसा कॅन्सल."

शहाण्या माणसाने जाळी दुरुस्त केली असती. आम्ही पडलो कोकणातले! गावी जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण, म्हणजे जेवणाचं ताट, देतात, मग तो हद्द सांभाळतो. मामा म्हणाला, "हयच्या जाग्याक पण कोणतरी असतलोच. बिचाऱ्याक कोण इचारता?"

झालं! दर गुरुवारी संध्याकाळी मी भात शिजवायचा, बाजारातली कलेजी भाजायची, नारळ फोडायचा. मामाने ते सगळं कुंपणाच्या कोपऱ्यात मांडून गाऱ्हाणं घालायचं. राखणदार अरब, म्हणून मधूनमधून 'हबीबी'. मी हसू दाबत मागून "होय महाराजा" म्हणायचो.

शुक्रवारी सकाळी ताट चाटूनपुसून साफ, आणि कोंबड्या जिथल्या तिथे. "मेल्या बघ, मानून घेतल्यान!" मामा छाती फुगवून फिरायचा. तीन आठवडे हे असंच चाललं. मलाही राखणदार बरा माणूस वाटायला लागला होता, खोटं कशाला बोलू!

चौथ्या गुरुवारी मी शेजारच्या मळ्यावर पत्ते कुटत बसलो आणि भात राहिला. मामाने नुसता नारळ ठेवला.

सकाळी एक कोंबडी गायब.

अरबाब आला, मोजलं. वाकून वाळू बघत निघाला. वाळूतली पावलं वाचणं हा त्याचा पिढीजात धंदा. खुराड्यापासून कोल्ह्याचा माग थेट आमच्या कोपऱ्यात पोचला. तिथे नारळाची भकलं, जुन्या भाताची शितं, आणि जत्रेला यावीत तशी कोल्ह्यांची पावलंच पावलं. राखणदार कसला, आम्ही महिनाभर कोल्ह्यांची खानावळ चालवत होतो! त्यात ती एक दिवस बंद पडली, म्हणून कोल्हा मागल्या दाराने स्वयंपाकघरात घुसला.

"ये खाना कौन डालता है?" अरबाबाने विचारलं.

मामाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मैं, अरबाब. अकेला."

एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. भात माझा, कलेजी माझी, पत्ते माझे, आणि मी मोटारीचा पाना हातात धरून मख्खासारखा उभा राहिलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवड्याभरात अरबाबाकडे ठेवलेला मामाचा पासपोर्ट परत आला, तिकीट आलं. तो बॅग बांधत होता तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "मामा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"रे येड्या," चेन ओढत तो म्हणाला, "तुझा नाव सांगितला असता तर दोघांकय घालवल्यान असता. मगे कोंब्यांका बघतलो कोण?"