चैत्रातलं नागपूर आणि तांदळातली गौर

चैत्रात एकदा नागपूर पाहायचं, असं माझ्या लग्नापासून घरात बोलणं चाललं होतं. माझ्या नणंदबाई, कुसुमताई, तिथे दिलेल्या. दरवर्षी त्यांचं पत्र येई, "वहिनी, महाराजबाग फुलली, आता तरी या." यंदा यांना चार दिवसांची रजा मिळाली, आणि आम्ही एकदाचे निघालो. आमच्या मूल गावच्या, सिंदेवाही, नागभीडकडच्या बायांना जायचं मनात असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

अडचण एकच होती, ती गौरीची. चैत्रातल्या तृतीयेला आमच्या घरी गौर पाळण्यात बसते. महिनाभर ती माहेरपणाला आलेली असते, अक्षय्यतृतीयेला परत जाते. आमची गौर बोटभर उंचीची, पितळेची, सासूबाईंना त्यांच्या सासूकडून आलेली. तिला कुलूपबंद घरात एकटी ठेवायची सोय नाही, आणि सासूबाई तर वडशाला बहिणीकडे निघालेल्या. भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "ने ना सोबत. पन माह्या सासूची गवर हाय ते, ध्यानात ठेवजो. मी येईन तवा मले पाळन्यात दिसली पायजे."

प्रवासात देवाची मूर्ती तांदळात ठेवायची, ही आमच्याकडची रीत. धक्का लागत नाही. मी दोन पितळी डबे घेतले. एकात कुसुमताईंना भेट म्हणून आमच्याकडचा वासाचा तांदूळ, नवा चिन्नोर, दुसऱ्यात थोड्या तांदळात गौर. ओळखायला गौरीच्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधला. हे म्हणाले, "हिचं तिकीट पुरं काढू का अर्धं?" मी दोऱ्याची गाठ आवळली.

मूलहून सकाळची छोटी गाडी धरावी. नागभीडला गाडी बदलावी लागते आणि तिथे बराच वेळ जातो, म्हणून फिरकीचा तांब्या आणि दशम्या जवळ असू द्याव्यात. मी बाहेरचं खात नाही, माझं दशम्यांवर छान भागलं. जंगलात बाया मोहफुलं वेचत होत्या. गाडी इतकी सावकाश, की कोणाच्या टोपलीत किती फुलं तेही दिसे. समोरच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "उतरून ओंजळभर मोहं वेचा बाई, अन् पुन्हा चढा. गाडी कुठी नाई जात." भिवापूरला मिरचीच्या पोत्यांनी सगळ्या डब्याला शिंका आणल्या. इतवारीला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून आधी गौरीला कुसुमताईंच्या गौरीशेजारी बसवलं, एकाच पाळण्यात, आणि मग अंबाझरी पाहायला गेलो. एवढं पाणी आमच्याकडच्या तलावांतही असतं, पण इकडे लोक नुसते पाण्याकडे पाहत बसायला येतात, याची गंमत वाटली. अर्धा तास मीही बसले. कपडे धुवायचे नाहीत, पाणी भरायचं नाही, नुसतं बसायचं! सीताबर्डीवर दुकानं पाहिली. पाहायला पैसे पडत नाहीत, ते खुशाल पाहावं. कुसुमताईंनी संत्र्याचं बर्फ घातलेलं सरबत पुढे केलं. मी मागे सरले, तर म्हणाल्या, "घ्या वहिनी, फळच तर हाय. देवालेसुद्धा चालते." प्याले. अजून ती चव आठवते.

संध्याकाळी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं आपल्यासारखंच. मला उगीच धाकधूक होती, शहरात कसं काय असेल म्हणून. एक बाई तर म्हणाल्या, "दोन गौरी जोडीनं पाह्यल्या आज, दुप्पट पुण्य!"

तिसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी. सकाळी कुसुमताई न्हाणीत होत्या, तेव्हाच मी गौरीला डब्यात निजवून, वर तांदूळ घालून, डबा ट्रंकेजवळ ठेवला. सोमवार होता. त्या म्हणाल्या, महादेवाला शिधा देऊ, मग महाराजबाग, मग घरी जेवून स्टेशन. तलावाच्या वाटेवरच्या एका जुन्या देवळात आम्ही तिघंही गेलो. मी प्रदक्षिणा घालत होते, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून काढून शिधा दिला.

महाराजबाग मात्र जरूर पाहावी, आणि सकाळच्या गारव्यात. हरणं, मोर, आणि पिंजऱ्यातला सिंह. आमच्या जंगलात वाघाच्या नुसत्या बातमीनं दारं लागतात. इथे सिंहाला माणसं वाकुल्या दाखवत होती. गुलाब इतके, की देवाला किती झाले असते असं वाटून जीव हळहळला. झाडाखाली टेकलो.

कुसुमताई म्हणाल्या, "वहिनी, पुजारी खुश झाला बरं. नुसत्या वासावरून म्हणे, नवा चिन्नोर हाय."

"तुम्ही माझ्या तांदळातलाच दिला?"

"मग काय? तुम्ही दोन डबे आणले. एक घरी ठेवला, एक महादेवाले दिला. डबा आणला मी परत, काळजी नका करू."

त्यांनी पिशवीतून रिकामा डबा काढला. कडीला लाल दोरा.

मी डबा उपडा करून पाहिला. म्हटलं, "ताई, यात गौर होती."

"काऊन सांगितलं नाई मग?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मले वाटलं, नजर नको लागाले म्हणून दोरा बांधला!"

टांगा केला. मला भाव ठरवायचीसुद्धा शुद्ध नव्हती, टांगेवाल्याशी यांनीच काय ते ठरवलं. कुसुमताई रडत होत्या. टांगेवाल्याला मी दोनदा म्हटलं, "भाऊ, लवकर." तो म्हणाला, "घोडा हाय बाई, मोटार नाई." डोळ्यांपुढे फक्त रिकामा पाळणा दिसत होता, आणि त्याच्यापुढे उभ्या सासूबाई.

देवळात पोचलो तर पुजारी नव्हते. मागच्या पडवीत एक आजी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी मान वर केली. "तुमीच का त्या? म्या म्हनलं, येतीनच. तांदळात खडे निघते, गोटे निघते. आज तर बाईच निघाली!"

"कुठे आहे?"

"कुठी असन? नवऱ्याजवळ."

गाभाऱ्यात पिंडीच्या अगदी शेजारी, ताज्या बेलाच्या पानावर, आमची गौर बसली होती. कपाळाला हळदकुंकू, पुढे गुळाचा खडा. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. हे हात जोडून उभे राहिले, यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

उचलायला हात पुढे केला तर आजी ओरडल्या, "थांबा! अशी कशी नेता? महिनाभरासाठी माहेरी आलेली पोर, दारावरून जाता जाता घटकाभर मालकाले भेटाले थांबली. तिले रीतीनं धाडू." त्यांनी आपल्या पदरातले मूठभर तांदूळ आणि अर्धी वाटी खोबरं घेऊन गौरीची ओटी भरली. मग महादेवाला म्हणाल्या, "नेऊन राह्यले हो, आखातिजेले परत येते." आणि मगच तिला माझ्या ओंजळीत दिली. आजींच्या पाया पडले.

घरी जेवण झालंच नाही. कुसुमताईंनी पोळ्या पदरात बांधून स्टेशनवर आणून दिल्या. गाडी सुटली तेव्हा गौर माझ्या मांडीवर होती, डब्यात नाही, रुमालात. नागभीडला गाडी बदलतानाही हातातून सोडली नाही. यांनी खिडकीकडची जागा आम्हा दोघींना दिली.

तर बायांनो, चैत्रात नागपूर जरूर पाहा. अंबाझरीला बसा, सरबत प्या, बाग सकाळीच पाहा. पण देव तांदळात नेत असाल, तर त्या घरातल्या बाईला आधी सांगा.

सासूबाई वडशाहून आल्या तेव्हा गौर पाळण्यात होती. न सांगताही चाललं असतं. पण त्यांनी तिच्यापुढे हात जोडले आणि माझ्याच्यानं राहवेना. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ओटीसकट. खाली मान घालून बोलणी खायला तयार होते.

त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेऊन गौरीला हलकासा झोका दिला.

"चाळीस वर्सं मी इले या घरात बसवून ठेवली," त्या म्हणाल्या. "इनं नागपूर पाह्यलं, नवऱ्याले भेटून आली. अन् मी?" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या चैतात मी येतो तुह्यासंग. डबा मीच धरीन."