पाकाला तार आली का?

हिवाळ्याच्या सुट्टीत काय वाचावं, काय खावं, काय प्यावं आणि कोणता सिनेमा बघावा, हे माझी नात हल्ली फोनवर शोधत असते. परवा तिनं विचारलं, "आजी, तुझ्या वेळी सुट्टीत काय आवडायचं?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी बिचकली. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं.

तिचं काय चुकणार? जबलपुरात दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांत आम्ही राहत होतो, आणि सुट्टीचं आमचं सगळं ठरलेलं असे. उकडलेले शिंगाडे. उन्हात सोलायला घेतलेले आणि निम्मे तोंडातच जाणारे मटार. वडील घमापुरहून आणत ती खव्याची काळपट जिलबी, आणि तिच्यावर आलं घातलेला गुळाचा चहा. सिनेमा वसाहतीच्या मैदानावर, पांढरा पडदा बांधून. साहेबलोक पुढच्या बाजूला खुर्च्यांवर आणि आम्ही पडद्याच्या मागं सतरंजीवर, त्यामुळे आमचे सगळे नायक डावखुरे होते.

एकाहत्तरच्या लढाईत शाळा लवकर बंद झाल्या, आणि ब्लॅकआउटमुळे सिनेमाही. वडील दुहेरी पाळी करत, घरी येत ते नुसते झोपायला. तेव्हा आईनं मराठी मंडळाच्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली आणि रोज दुपारी अंगणात बसून मोठ्यानं वाचायला घेतली. पुरात होडीसकट वाहून गेलेल्या एका नावाड्याची आणि काठावर त्याची वाट बघणाऱ्या मुलीची गोष्ट होती. त्या वर्षी आमचा सिनेमा तोच.

ते वाचन खरं म्हणजे माझ्या धाकट्या भावासाठी होतं. तो पाच वर्षांचा, वाचता येत नव्हतं. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मैदानात हिंदी. मराठी त्याच्या कानावर पडायची ती घरात तेवढीच, आणि ती टिकावी म्हणून आईचा सगळा आटापिटा. नर्मदेच्या तिलवारा घाटावर त्यानं होड्या पाहिल्या होत्या, त्यामुळे गोष्टीत तो पुरता अडकला होता. पुस्तक मिटलं की विचारायचा, "आई, होडी आली?"

"येऊन राहिली," आई म्हणायची. "उद्या ऐक."

त्यातच मोहल्ल्यात ठरलं, की स्टेशनावरून जाणाऱ्या जवानांसाठी घरोघरी गोड करायचं. आईनं रेशनची साखर राखून ठेवली होती, ती सगळी काढली आणि रव्याचे पाकातले लाडू करायला घेतले. ती अंगणात वाचत होती आणि मी आत कढईपाशी. पुस्तकातून मान वर न काढता तिनं हाक दिली, "पाकाला तार आली का गं?"

"एक आली."

"एकीनं काय होते? दुसरी येऊ दे. घाई काहून करून राहिली?"

एवढंच. बाईनं कढईतल्या पाकाची चौकशी केली. पण भिंतीपलीकडे आमचे शेजारी होते, ज्यांना आम्ही चाचाजी म्हणायचो. लढाई लागल्यापासून ते दंडाला पट्टी आणि गळ्यात शिट्टी अडकवून गल्लीतले दिवे विझवत फिरत. त्यांच्याकडे पाकाला चाशनी म्हणतात. पाक म्हणजे त्या दिवसांत रेडिओवर आणि पेपरात एकच, सीमेपलीकडचा, आणि तार म्हणजे पोस्टातली. ध चा मा झालेला आपण लहानपणापासून ऐकतो. इथं तर कोणी अक्षरही बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांना कारखान्याच्या फाटकावरच थांबवलं आणि सुरक्षेच्या खोलीबाहेर उभं केलं. दुपारी आत बोलावून साहेबानं विचारलं, "आपके घर से पाक को तार कौन भेजता है?" वडिलांनी रवा, साखर, कढई, सगळं हिंदीतून समजावलं. समजल्यावर साहेब पोट धरून हसला म्हणे, बाजूचे दोघेही हसले, आणि लाडू आणा म्हणाले. वडील हसले नाहीत. ज्या कारखान्यात त्यांनी तारुण्य घातलं, तिथं ते सकाळपासून चोरासारखे उभे होते, आणि ये-जा करणाऱ्या प्रत्येकानं त्यांना पाहिलं होतं.

घरी येऊन चप्पल न काढताच ते आईला म्हणाले, "अंगणात मराठी बंद. काय बोलायचं ते हिंदीत."

"काहून?"

"नोकरी करून राहिलो मी तिथं."

"अन् पुस्तक?"

"मनात वाच."

"मनात वाचलेलं त्याला कसं ऐकू येईल?" आईनं भावाकडे बोट दाखवलं. वडील तोंड फिरवून झोपले. मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो, पण वडिलांचा नाही.

स्टेशनावर जायच्या दिवशी चाचाजी डबे गोळा करायला आमच्याच दारात आले. न विचारता डब्यातला एक लाडू उचलला, डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, "भाभीजी, चाशनी एकदम सही बनी है." ज्या पाकापायी आमच्या घराच्या तोंडाला कुलूप लागलं, तो पाक ह्यांना गोड लागला. आईनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "चाशनी नहीं, भैया, पाक है." त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. शिट्टी वाजवत पुढच्या घरी गेले.

भाऊ मागं अंगणातच होता. त्यानं आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "आई, होडी आली?"

आईनं भिंतीकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आ गई, बेटा. चलो, अंदर चलो."

पुस्तक त्याच आठवड्यात वाचनालयात परत गेलं. लढाईही लवकरच संपली. खिडक्यांचे काळे कागद निघाले, मैदानावर पुन्हा पडदा लागला. अंगणातली बंदी तेवढी कोणी उठवली नाही. सुरुवातीला धाक म्हणून, मग सवय म्हणून, आतलं घरही हिंदीतच बोलायला लागलं.

लग्न होऊन नागपूरला आल्यावर मी ती कादंबरी शोधून वाचली. होडी येत नाही. मुलगी काठावरच म्हातारी होते.

भावाला आता मराठी कळते, बोलता येत नाही. ती गोष्ट मात्र त्याला पाठ आहे. नातवंडांना तो ती हिंदीतून सांगतो, आणि त्याची होडी दर वेळी परत येते.