पाय गोठलेली कोंबडी

वर्ध्याच्या आसपास हिमदंश होत नाही. थंडी पडते, धाम नदीवर पहाटे धुकं येतं, म्हातारी माणसं शेकोटी सोडत नाहीत; पण पाणी गोठल्याचं कोणी पाहिलेलं नाही. तरीही पवनारच्या आमच्या घरी एका कोंबडीचे दोन्ही पाय गोठून गेले. दिवाळी उलटली होती आणि दुपारचं ऊन होतं. अंगणात कोणाच्याही अंगात स्वेटर नव्हता.

माझा धाकटा भाऊ गाईम्हशींना कृत्रिम रेतन करतो. कोणाची गाय माजावर आली की फोन येतो आणि तो मोटारसायकलला ॲल्युमिनियमची छोटी टाकी बांधून निघतो. टाकीत द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात वळूच्या वीर्याच्या बारीक नळ्या. नायट्रोजन दिसायला पाण्यासारखा, पण बर्फ त्याच्यापुढे कोमट म्हणावा इतका थंड. तो सतत उडून जातो, म्हणून घरच्या मोठ्या टाकीतून छोटीत अधूनमधून भर घालावी लागते. आईने दोन्ही टाक्यांना घरात यायला मनाई केली होती. त्यामुळे ते काम अंगणात, पेरूच्या झाडाखाली चालायचं. त्याच झाडाखालच्या मऊ मातीत कोंबड्यांनी खळगे केले होते. दुपारी त्या त्यांत शिरून अंगावर धूळ उडवत बसायच्या.

त्या रविवारी मी नालवाडीहून आईकडे आले होते. भावाच्या हातून मोठी टाकी कलंडली. पांढरी वाफ जमिनीवरून पसरली आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. एक तांबडी कोंबडी खळग्यातच राहिली. नायट्रोजन वाहत तिच्या खळग्यात उतरला होता. पिसांनी तिचं अंग वाचवलं. पाय खाली दुमडलेले होते.

आईला वाफ दिसली, म्हणून तिने उकळतं पाणी सांडलं असं धरलं. भाजल्यावर करतात तेच तिने केलं. माठातून तांब्या भरून घेतला आणि धावली. भाऊ म्हणत होता, "माय, गरम नाई ते, थंड आहे." तिने कोंबडी उचलून पायांवर पाणी ओतलंही होतं. त्या पाण्याचा पायांवर बर्फाचा पातळ थर झाला. आईने तो नखाने खरवडून पाहिला. मग ती भावाकडे पाहत राहिली.

पाय लाकडासारखे कडक होते. कोंबडी ओरडत नव्हती. ओरडायला लागली ती संध्याकाळी, पाय सैल पडून सुजल्यावर.

दुसऱ्या दिवशी भावाने तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्याच्या ओळखीचे. त्यांनी सांगितलं ते त्याने घरी जसंच्या तसं सांगितलं: आज मान कापली तर त्रास संपेल. ठेवायचीच असेल तर पायांना कात्री लावायची नाही, चोळायचं नाही, शेकायचं नाही. मेलेला भाग कोणता आणि जिवंत कोणता ते शरीर आपणच ठरवतं. मेलेला काळा पडून वाळतो आणि गळतो. तोवर जखम कोरडी ठेवायची, माशी बसू द्यायची नाही.

आमच्या घरात कोंबडी ही पाळीव गोष्ट नव्हती. तिला नाव नसायचं. अंडी देणं थांबलं की ती कापली जायची आणि रस्सा चांगला झाला की नाही एवढीच चर्चा व्हायची. आईने आटलेली शेळी विकली तेव्हा दोर सोडून ठेवून घेतला आणि पुन्हा वांगी तोडायला गेली. बसून खाणारं तोंड घरात नको, हे तिचं म्हणणं होतं आणि ते तिने स्वतःलाही लावलं होतं. ताप असला तरी पहाटे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून ती वर्ध्याची बस धरायची.

त्यामुळे भावाने सुरी काढून ठेवली, यात वावगं काही नव्हतं. आईने ती परत फळीवर ठेवली.

"फेब्रुवारीत तुझ्यावाल्या सगळ्या कोंबड्या अंड्यांवर खुडूक बसतीन," भाऊ म्हणाला. "ही काय करीन?"

"तवाचं तवा पाहू," आई म्हणाली. "काही न काही करीन ते."

म्हणजे कोंबडीला जगायचं तर काही काम दाखवावं लागणार होतं. आईने नियम मोडला नाही, मुदत दिली. का दिली, हे तिने सांगितलं नाही आणि तिला कोणी विचारलं नाही.

टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट आडवा ठेवून तिची जागा केली. आत आईने कापूस अंथरला. घरात कापसाची कमतरता नव्हती, आणि इथेच चूक झाली. कापसाचे तंतू फुटलेल्या फोडांत रुतले आणि दुसऱ्या दिवशी ते ओले करून एकेक सोडवावे लागले. मग जुन्या लुगड्याच्या घड्या आल्या.

रोज सकाळी आई जखम पुसून लाल औषध लावायची आणि त्या वेळी कोंबडी धरायचं काम भावाचं. मी आलेली असताना 'मी धरते' म्हटलं, तर तिने मला भाजीच्या जुड्या बांधायला बसवलं. अंगणातल्या दुपारबद्दल ती त्याला काही बोलली नव्हती. नुसतं "धर" म्हणायची. त्याच वेळेला त्याचे फोन यायचे. गाईचा माज कोणासाठी थांबत नाही. काही तास उशीर झाला की ती फेरी वाया जाते आणि गाईचा मालक पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. भाऊ मान आणि खांदा यांत फोन धरून "निंगालोच, रस्त्यात आहो" म्हणायचा. त्याच्या दोन्ही हातांत कोंबडी असायची. आई घाई करत नव्हती.

शेजारची काकू कुंपणावरून पाहायची. "आमच्या बुढ्याले नाई वं एवढी सेवा भेटली," ती म्हणाली. "सावंगीच्या दवाखान्यात भरती करून द्या न तिले. जनरल वॉर्डात."

"तुम्ही या डबा घेऊन," आई म्हणाली.

बोटं आधी निळी, मग काळी झाली. नंतर ती वाळलेल्या मिरचीसारखी दिसू लागली. घोट्याच्या वर एक बारीक ओली रेघ उमटली. रेघेच्या खाली जीव नव्हता आणि वर पाय जिवंत होता. वास यायचा. भाऊ त्या दिवसांत अंगणात जेवत नव्हता. एके सकाळी डावा पाय क्रेटमध्ये सुटा पडलेला सापडला. उजवा शिरेवर लोंबत राहिला. तो भावाने ब्लेडने सोडवला. कोंबडीला ते कळलंही नाही, असं तो म्हणाला. हात धुऊन आल्यावर त्याने जोडलं, "हिले पयलेच खाऊन टाकलं असतं तं दोन घास झाले असते. आता तं तेही नाई."

संक्रांतीनंतर खुंट भरून आले. आईने त्यांना कापडाच्या टोप्या शिवल्या. कोंबडी पंख टेकवत, पुढे झुकत, क्रेटपासून पेरूच्या आळ्यापर्यंत जाऊ लागली. माती उकरायला तिला नखं नव्हती. तरी ती खुंट मागे ओढायची, थांबायची, खाली पाहायची. उकरलेलं काही दिसत नसे. आई कण्या तिच्या चोचीपुढे ठेवायची.

फाल्गुनात तिने अंडं घातलं. आईने ते भावाच्या टाकीच्या झाकणावर ठेवलं, जाताना त्याला दिसेल असं. त्यानंतर अंडी येत राहिली आणि मग ती खुडूक झाली. पिसं फुगवून बसली, हात नेला की चोच मारायची. आईला हवं ते काम मिळालं होतं. बसायला पाय लागत नाहीत. तिने इतर कोंबड्यांची चांगली अंडी निवडून तिच्याखाली घातली. खुंटांनी ती फुटू नयेत म्हणून कोंबडीला खाण्यापिण्यासाठी स्वतः उचलून बाहेर काढायची आणि पुन्हा अलगद वर ठेवायची. भाजीच्या बसच्या वेळा तिने त्यासाठी बदलल्या. काकूला तिने कुंपणावरून सांगितलं की क्रेटमधली कोंबडी आता कामाला लागली आहे.

दोन अंडी नासली. बाकीच्यांतून पिल्लं निघाली. आई त्या दिवशी बाजारात गेली नाही.

पुढे काय होणार हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिघांनी जन्मभर कोंबड्या पाहिल्या होत्या. बसणं ही कामाची सुरुवात असते. पिल्लं वाळली की कोंबडी त्यांना घेऊन निघते, उकरून किडा दाखवते, घार आली की पंखाखाली घेते, मांजरावर धावून जाते. ही कोंबडी क्रेटच्या तोंडाशी बसून बोलावत होती. पिल्लं यायची, तिच्यापुढे उकरलेलं काही नसायचं, मग पिल्लं पुढे जायची. भाजीच्या वाफ्यांपर्यंत जायची. मग कोंबडीही निघाली. दगडगोट्यांवरून खुंट ओढत ती वाफ्यांपर्यंत जायची आणि तोवर पिल्लं दुसरीकडे गेलेली असायची. टोप्या फाटल्या. भरलेले खुंट उघडे झाले आणि रक्त येऊ लागलं. एक पिल्लू घारीने तिच्यासमोरून नेलं. ती ओरडत पंख आपटत राहिली. उडी तिला मारता आली नाही. एक तिच्याच खाली दबून मेलं.

आईने पिल्लं टोपलीत कोंडून क्रेटशेजारी ठेवली. तर कोंबडी टोपलीच्या काड्यांवर दिवसभर अंग घासत राहिली. उन्हं तापली होती. उजव्या खुंटात माशीने अंडी घातली आणि अळ्या झाल्या. टाकीतून नळ्या काढायचा लांब चिमटा भावाकडे होता. त्याने तो उकळून घेतला आणि अळ्या एकेक काढल्या. त्या दिवशी त्याला कोणी "धर" म्हटलं नव्हतं. कोंबडी आईच्या मांडीवर होती.

"माय," तो म्हणाला, "पिल्लं राह्यली तं हे मरते."

काकूच्या एका कोंबडीखाली त्याच वयाची पिल्लं होती. दिवेलागणीला, कोंबड्या सुस्तावल्यावर, आईने आमची पिल्लं पदरात घेतली आणि कुंपणापलीकडे जाऊन त्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवली. त्या कोंबडीने ती आपली मानली.

आमची कोंबडी बोलावत राहिली. पिल्लांचा आवाज कुंपणापलीकडून येत होता, त्यामुळे ती तिकडे तोंड करून बसायची. आवाज ऐकू येत असेपर्यंत तिला क्रेटमध्ये कोंडून ठेवावं लागलं. मग ती गप्प झाली. खाणं तोंडाशी नेलं तरच खायची. भाऊ सुरीबद्दल बोलला नाही. आईही कामाबद्दल बोलत नव्हती.

वैशाखात ती पुन्हा खुडूक झाली. रिकाम्या लुगड्यावर पिसं फुगवून बसली. खुडूक मोडायची तर आमच्याकडे कोंबडी थंड पाण्यात बुडवतात. आईने ते केलं नाही. खाली अंडीही घातली नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा केलं न. पाह्यलं न काय झालं ते."

त्या आठवड्यात भाऊ वर्ध्याहून दुकानातली पांढरी अंडी घेऊन आला. घरात कोंबड्या असताना अंडी विकत आणलेली पाहून आई बघतच राहिली. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना कोंबडा माहीत नसतो. त्या अंड्यांवर कोणीही कितीही बसलं तरी ती अंडीच राहतात, हे आमच्या घरात भावाइतकं कोणाला ठाऊक असणार.

त्याने क्रेटपुढे बसून ती एकेक कोंबडीच्या खाली सरकवली. तिने हातावर चोच मारली, मग चोचीने अंडी पोटाखाली ओढून घेतली.

"यातून काई निंगत नाई," आई म्हणाली.

"माईत आहे. म्हनूनच तं आनले."

आईने क्रेटवर ओलं पोतं टाकलं. त्या उन्हाळ्यात पारा खाली यायचं नाव घेत नव्हता आणि अंडी लवकर नासत होती. वास सुटला की आई ती काढून उकिरड्यात पुरायची आणि भाऊ दुसरी आणायचा. कोंबडी बसून होती.