लुआन वस्तादांचं वाढतं ऑईल

लाज वाटली की माणूस आधी तोंड लपवायला जागा शोधतो. होंगसोंगमध्ये ती सोय नाही. लाकूडतोडीवर वाढलेलं आणि लाकूडतोड बंद झाल्यावर आटलेलं डोंगरातलं गाव. अर्धं वर्ष बर्फाखाली, आणि दर रविवारी झाडून सगळे पुरुष एकाच न्हाणीघरात. तिथे प्रत्येकाजवळ एक पंचा, आणि तोही खांद्यावर. ज्याला बाकीचंच काही लपवता येत नाही, तो तोंड काय लपवणार?

तरी त्या रविवारी लुआन शीगुई प्रयत्न करत होते. कढत पाण्याच्या हौदात ते नाकपुड्यांपर्यंत बुडून बसले होते, म्हशीसारखे, आणि डोळे लावले होते दाराकडे. यान देलीन यायची वेळ झाली होती. देलीनने यावं की येऊच नये, हे काही त्यांचं ठरत नव्हतं.

लुआन म्हणजे गावाचे वस्ताद. जंगलखात्याचा ओंडक्यांचा ट्रक त्यांनी उभा जन्म चालवला. त्या काळी पहाटे ट्रकच्या पोटाखाली निखाऱ्यांची परात सरकवायची, आतलं गोठलेलं ऑईल हलायला लागलं की इंजिन चालू करायचं आणि तासभर ते तसंच घुरघुरत ठेवायचं. घाई करणाऱ्याचा ट्रक घाटात बंद पडायचा. लुआनांचा कधी पडला नाही. या एका गोष्टीवर त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी प्रतिष्ठा उभारली होती. गावात कोणाचीही गाडी खोकली की ते न बोलावता हजर. बॉनेट उघडून आत असं बघायचे, जणू आत एखादा ओळखीचा माणूस राहतो.

आणि देलीन त्यांचा क्लीनर. सोळाव्या वर्षी त्यांच्या ट्रकवर चढला, शिव्या खात शिकला, आता पन्नाशीला टेकला होता आणि बाजाराच्या टोकाला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. पण आपल्याकडे एकदा क्लीनर तो कायमचा क्लीनर. वस्ताद आले की देलीन सिगारेट विझवायचा, स्टूल पुसायचा आणि दर रविवारी न्हाणीघरात त्यांची पाठ चोळून द्यायचा. वस्तादांनी चारचौघांत चूक केली, तर क्लीनरने ढगांकडे बघायचं, हाही त्यातलाच एक नियम.

गेल्या वर्षी लुआनांच्या मुलीने, श्याओमानने, गाडी घेतली. पांढरी, गुटगुटीत, पेट्रोलवरची. लुआनांनी बॉनेट उघडलं आणि त्यांना हसू आवरेना.

"पोरी, इंजिन दुकानातच विसरलीस की काय? हे तर शिवणयंत्र आहे!"

"बाबा, त्याला टर्बो आहे. हवा कोंबून ताकद वाढवतात."

"म्हणजे बुटक्याने छाती फुगवून चालायचं. कळलं."

पण मुलगी लाडकी. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच. श्याओमान शाळेत शिकवायची. शाळा इतकी जवळ, की घरून निघताना तोंडात टाकलेला मोमोसारखा डंपलिंग शाळेच्या फाटकाशी गिळून व्हायचा. चालतही गेली असती, पण पारा शून्याखाली तीसवर गेला की पापण्या चिकटतात. तेव्हा लुआनांनी व्रतच घेतलं. पहाटे उठायचं, कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालायची, खाली जाऊन गाडी चालू करायची आणि भरपूर वेळ तशीच ठेवायची. तोवर टपावरचा बर्फ झाडायचा, काचा खरवडायच्या. मुलगी खाली आली की सीट उबदार, स्टिअरिंग उबदार. "बस, राणीसरकार," असं म्हणून ते दार उघडायचे. या एका क्षणासाठी ते आदल्या संध्याकाळपासून खूश असायचे.

आणि रोज ते ऑईल मोजायची पट्टी काढून बघायचे. जुनी सवय. थंडी सुरू झाली आणि पट्टीवर नवल दिसू लागलं. ऑईल कमी होईना, उलट वाढायला लागलं! आधी वरच्या खुणेला टेकलं, मग खुणेच्या बोटभर वर गेलं.

लुआनांनी ट्रकवाल्याच्या डोक्याने हिशोब मांडला. इंजिन ऑईल पितं, हे माहीत आहे. इंजिन ऑईल वितं, असं कोणी ऐकलंय? पाणी शिरलं असतं तर ऑईल दुधासारखं पांढरं झालं असतं, तसं नव्हतं. म्हणजे कोणीतरी जास्त ओतलंय. शेवटचं ऑईल कोणी बदललं? देलीनने.

"गाडीत पेट्रोलचा वास येतो हो, बाबा," श्याओमान एकदा म्हणाली.

लुआनांचं नाक ट्रकच्या धुरात कधीच शिजून गेलं होतं. "कोबीच्या लोणच्याचा असेल. परवा बरणी आणली ना गाडीतून."

ते गाडी घेऊन गॅरेजवर गेले. देलीनने पट्टी काढली, नाकाशी धरली आणि बोटांत ऑईल चोळलं.

"वस्ताद, सकाळी गाडी... म्हणजे किती वेळ चालू ठेवता?"

"जितकी ठेवायला हवी तितकी. का?"

"नाही, म्हटलं, जरा कमी ठेवून बघा. आणि मधूनमधून लांब फिरवून आणा, म्हणजे..."

"देलीन," लुआन म्हणाले, "तुला गिअर कोणी शिकवला?"

"तुम्हीच, वस्ताद."

"मग थंडीत इंजिन कसं तापवायचं ते तू मला शिकवणार?"

बाकावर दोन गिऱ्हाइकं सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. देलीनने त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "चुकलं माझं," असं म्हणून त्याने जुनं ऑईल काढलं, नवं भरलं आणि पैसे घेतले नाहीत.

इथेच घात झाला. लुआनांना पुरावाच मिळाला. चोर नसता तर फुकट का केलं असतं? पुढच्या महिन्यात ऑईल पुन्हा चढलं, देलीनने पुन्हा मुकाट्याने बदललं, पुन्हा फुकट. आता तर शंकाच उरली नाही. रविवारी हौदात बसून लुआनांनी व्याख्यान दिलं.

"माझाच क्लीनर, म्हणून सांगायला जीभ जड होते," ते म्हणाले. जीभ मात्र चांगलीच हलकी चालली होती. "ऑईल भरताना हात ठिकाणावर नसतो त्याचा. नाहीतर कुठलं तरी हलकं ऑईल डब्यातून खपवत असेल. माझ्यासारख्याच्या गाडीला असं, तर तुमच्या गाड्यांचं काय? घरी जाऊन पट्ट्या बघा!"

म्हाताऱ्या चियाओने गोठवलेलं पेअर चोखत विचारलं, "नक्की ना, शीगुई? पोरगा तसा सरळ आहे."

"सरळ तर ऑईलही असतं, चियाओदादा, वर चढेपर्यंत."

सगळे हसले. तेवढ्यात दार उघडून देलीन आत आला. हसू बंद झालं. नळ तेवढे गळत राहिले. त्याने ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्याने पंचा भिजवला, पिळून हाताला गुंडाळला आणि म्हणाला, "वस्ताद, या. पाठ."

आणि लुआनांनी पाठ दिली! खरं कळल्यावर त्यांना ते आठवलं की पुढे कित्येक दिवस जेवण उतरत नसे.

गावात चर्चा पसरायला बर्फावरून घसरण्याएवढाच वेळ लागतो. लोक देलीनकडून गाडी घेताना त्याच्यासमोरच पट्टी काढून बघू लागले. मग काहीजण शेजारच्या गावी जाऊ लागले. शाळेच्या बसचं काम गेलं. तिसऱ्यांदा ऑईल चढलं तेव्हा लुआनांनी ठरवलं की आता या प्रकरणाचा सोक्षमोक्षच लावायचा. च्यामुस शहरात मोठं वर्कशॉप होतं, तिथे संगणक लावून तपासत. तिथल्या माणसाच्या तोंडून 'ऑईल जास्त भरलंय' एवढं वदवून घ्यायचं, की झालं.

निघण्यापूर्वी त्यांनी पट्टी तपासली. खुणेच्या दोन बोटं वर. उत्तम! पुरावा भरभक्कम होता. मग हमरस्त्याने चांगले अडीच तास त्यांनी गाडी पळवली. शिवणयंत्र झकास धावलं. वाटेत ते भाषणाची तयारी करत होते.

च्यामुसचा मेकॅनिक चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कानामागे पेन खोचलेला. "बोला, काका."

"बोलायचं काय, डोळ्यांनीच बघ." लुआनांनी बॉनेट उघडलं, जादूगार टोपीतून ससा काढतो तशी पट्टी उपसली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने पाहिलं. "बरं. मग?"

लुआनांनी पाहिलं. ऑईल वरच्या खुणेला जेमतेम टेकलं होतं. त्यांनी पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. तेच. गाडीखाली वाकून पाहिलं, कुठे गळलंय का. जमीन कोरडी ठणठणीत.

"इतकं होतं!" त्यांनी दोन बोटं दाखवली. "सकाळी इतकं वर होतं! शपथ!"

मेकॅनिकला गंमत वाटली. "असणारच. गार गाडी नुसती उभी करून चालू ठेवत असाल रोज. आणि मग चालवता किती? कोपऱ्यापर्यंत?"

"शाळेपर्यंत."

"तेच ते. या लहान टर्बो इंजिनात पेट्रोल थेट आत फवारलं जातं, काका. इंजिन गार असलं की सगळं जळत नाही. भिंतीवरून ओघळून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल वाढत नाही, त्यात पेट्रोल मिसळतं. आज तुम्ही लांब आलात, ऑईल चांगलं तापलं, पेट्रोल उडून गेलं. थोडं राहिलंच असेल, ऑईल बदलून टाकतो. पातळ ऑईलवर टर्बोचा दांडा गरगरत राहिला तर एक दिवस टर्बोच बसतो. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं होतं. गॅरेजमध्ये, दोन माणसांसमोर, अर्धं वाक्य. उरलेलं अर्धं ऐकून घ्यायला वस्तादांना वेळ नव्हता.

"काय करायचं सोपं आहे," मेकॅनिक पट्टी पुसत म्हणाला. "चालू करा, अर्धा मिनिट थांबा, हळूहळू निघा. आठवड्यातून एकदा लांब पळवा. पण हे उभ्या उभ्या गाडी शिजवत ठेवण्याचं खूळ कोणाचं? कोण शहाणा करतो हे?"

लुआनांनी तोंड उघडलं.

"शेजारी," ते म्हणाले. "आमचा एक शेजारी आहे. म्हातारा. ऐकत नाही कोणाचं."

"जुना ट्रकवाला असेल. ते तसलेच असतात."

"तसलाच आहे," लुआन म्हणाले.

परतीच्या अडीच तासांत त्यांनी भाषणाची तयारी केली नाही. तीन महिने पहाटे उठून, बोटं गोठवून, आपण मुलीच्या गाडीत पेट्रोल कालवत होतो. आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या पदरात घालत होतो. गाडीत एकटेच असूनही त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मग रस्ता दिसेना, म्हणून वर केली.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर गेले. आत एकही गाडी नव्हती. देलीन शेगडीशी बसून एक जुना पाना विनाकारण पुसत होता. तो उठला, सिगारेट विझवली, स्टूल पुसलं.

"या, वस्ताद. पुन्हा चढलं का? आणा, बदलून देतो."

त्या 'बदलून देतो'मध्ये टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. लुआनांनी घसा खाकरला, शेगडीवर हात शेकले, भिंतीकडे पाहिलं.

"वायपर आहेत का?" ते म्हणाले.

"तुमचे तर नवे आहेत."

"असू देत. दे."

वायपर काखेत धरून ते बाहेर पडले आणि बाजाराच्या मधोमध थांबले. कानात सांगून भागण्यासारखं हे नव्हतंच. बदनामी हौदात, पंधरा माणसांसमोर केलेली. माफी मात्र शेगडीपाशी, गुपचूप? असा स्वस्तातला व्यवहार देलीनने निमूटपणे मान्य केला असता. तेच तर वाईट होतं.

म्हणून रविवारी ते नाकपुड्यांपर्यंत बुडून बसले होते.

"काय शीगुई," चियाओ हौदाच्या काठावरून म्हणाला, "च्यामुसला गेला होतास म्हणे. काय निघालं? चोर सापडला?"

"सापडला," लुआन म्हणाले. पाण्यात असल्यामुळे नुसते बुडबुडेच आले.

दार उघडलं. देलीन आत आला, कोणाकडे न बघता त्याने पंचा भिजवला, पिळला, हाताला गुंडाळला.

"वस्ताद, या. पाठ."

लुआन उठले. पाणी खळाळलं, अंग उकडलेल्या खेकड्यासारखं लाल, पोट पुढे. आयुष्यात इतकं उघडं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी देलीनच्या हातातला पंचा ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताला गुंडाळला.

"पालथा पड."

"वस्ताद?"

"बाकावर पालथा पड म्हणतो."

"वस्ताद, असं करू नका. लोक बघतायत."

"बघू देत, बघावं म्हणूनच तर." त्यांनी खांद्याला धरून देलीनला बाकावर आडवा केला, आणि पाठीवर पंचा टेकवून, मान खाली घालून, पण आवाज वर ठेवून बोलायला लागले. "ऐका रे सगळे. ऑईल देलीनने जास्त भरलं नव्हतं. ते पेट्रोल होतं. मी रोज सकाळी गाडी उभ्या उभ्या तापवतो, त्याने उतरतं ते. याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि नंतर इथे बसून जे काही बोललो, ते..." त्यांनी एकदा जोरात पाठ घासली. "ते सगळं खोटं होतं. गाढवपणा माझा होता."

नळ गळत राहिले. चियाओच्या हातातलं पेअर पाण्यात पडलं आणि तरंगत गेलं.

"म्हणजे," चियाओ सावकाश म्हणाला, "आम्हालाही सकाळी तासभर गाडी चालू ठेवायला तूच सांगितलं होतंस ना?"

"मीच."

"मग माझ्याही गाडीचं चढलं असेल!"

"चढलं असेल," लुआन म्हणाले. "उद्या देलीनकडे ने. आणि माझ्यासारखं फुकट नको, पैसे दे त्याला."

हौदात हशा उसळला. लुआन हसले नाहीत. ते खाली मान घालून चोळत होते, खांद्यापासून कमरेपर्यंत, पुन्हा पुन्हा, जणू तीन महिन्यांचा मळ त्याच पाठीवर साचला होता. देलीनने चेहरा हातांत लपवला होता. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय, ते कळत नव्हतं.

"वस्ताद," बाकाच्या लाकडाकडे बघतच तो म्हणाला, "एक सांगू का?"

"सांग."

"तुम्ही गार इंजिन जितकं सावकाश तापवता ना, तितकंच सावकाश चोळा. कातडी निघाली माझी."

लुआन थांबले. तोंडाशी काहीतरी आलं होतं, पाठ कशी चोळावी ते कोणी कोणाला शिकवावं याबद्दल. त्यांनी ते गिळलं, पंचा पुन्हा कोमट पाण्यात भिजवला आणि हात हलका केला.