बेटावरचा कारखाना

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. सौंसरच्या शाळेत मी भूगोल शिकवत होतो. पुस्तकात एका चिमुकल्या बेटदेशाचा धडा होता. तिथे जमिनीत तेल नाही. दुसऱ्यांचं कच्चं तेल जहाजानं येतं, तिथल्या कारखान्यात शुद्ध होतं आणि त्यावर अख्खा देश जगतो. तो कारखाना बंद पडल्याची बातमी मी रेडिओवर ऐकली आणि वर्गात सांगितलीही.

परीक्षेत ‘बेटावरचे लोक काय करतात?’ असा प्रश्न आला. एका मुलीनं लिहिलं, ‘कारखाना बंद झाला. तरी माणसं सकाळी डबा घेऊन निघतात, बंद फाटकापाशी बसतात आणि संध्याकाळी घरी येतात.’ मी त्यावर लाल रेघ मारली.

‘सर, तुम्हीच तर सांगितलं होतं ना जी,’ पेपर हातात पडल्यावर ती म्हणाली.

‘पेपरात पुस्तकातलंच लिहायचं असते,’ मी खेकसलो. ‘अन् हे डब्याचं कुठून आणलं?’

‘माह्या बाबाले पाहून राहिली ना सर, दिवाळीपासून.’

तिचे बाबा गावातल्या सरकीच्या तेलगिरणीत होते. गिरणी बंद झाल्याचं मला ठाऊक होतं. तरी मी गुण वाढवले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच वर्गात तो धडा पुस्तकाबरहुकूम शिकवताना बेटावरचा कारखाना मी पुन्हा चालू केला.